फोन लागला नाही

१२ जानेवारी

खारू,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे मांडत नाही. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते बाजूला ठेवलं असशील. ठेव, पण फेकू नकोस.

तीन महिने झाले, माझा फोन तू उचलत नाहीस. बाबांशी मात्र दर रविवारी बोलतेस. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं म्हणून ते स्वतःच एवढ्या मोठ्याने बोलतात की तुझी अर्धी खुशाली मला स्वयंपाकघरात आयती मिळते. तू विमा कंपनीत दुसऱ्या डॉक्टरांच्या फायली तपासतेस, मैत्रिणीच्या खोलीत राहतेस, सर्दी उतरली. मग ते विचारतात, "आईला देऊ का?" मग "बरं, बरं" म्हणून फोन ठेवतात आणि मला येऊन सांगतात की तू घाईत होतीस. त्यांना खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात.

परवा त्यांनी आणखी एक सांगितलं. मार्चअखेर तुझ्या डॉक्टरकीच्या नोंदणीची मुदत संपते आणि तू ती पुढे वाढवणार नाहीस म्हणे. म्हणजे पुन्हा कधी रुग्णाला हात लावायचा नाही, असं तू ठरवूनच टाकलंस. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. काल दुधाचं भांडं करपवलं.

त्या संध्याकाळी मी बोलले ते चुकलंच. शाळेत गाणं शिकवणाऱ्या त्या बाई चक्कर आणि उलट्या घेऊन तुझ्याकडे कॅज्युअल्टीत आल्या, तुला ती कानाची चक्कर वाटली, तू गोळ्या देऊन घरी सोडलंस. दुसऱ्या दिवशी त्यांना बेशुद्ध आणलं. मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा बंद झाला होता. चौथ्या दिवशी गेल्या. तुला हे सगळं माझ्याहून जास्त माहीत आहे. तरी लिहिते, कारण तीस वर्षं नर्स होते आणि आमच्यात जे लिहिलं नाही ते घडलंच नाही असं मानतात.

तू घरी आलीस, पायातले बूटही काढले नव्हतेस, आणि मी म्हणाले, "एवढी वर्षं शिकलीस, घरी सोडण्याआधी चार पावलं चालवून बघायला काय झालं होतं?"

तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "आई, मला आधी कधी कोणी सांगितलं असतं तर."

एवढंच. आठवड्याने बॅग भरलीस. मी दारात उभी होते आणि माझ्या तोंडाला कुलूप लागलं होतं. ते का लागलं होतं, तेही लिहायचं आहे. आज नाही.

नोंदणीचं एवढ्यात ठरवू नकोस.

तुझी आई

३० जानेवारी

खारू,

बाबांनी विचारलं, पत्र मिळालं का. तू "हो" म्हणालीस. वाचलंस का ते त्यांनी विचारलं नाही, मीही विचारायला लावलं नाही. मिळालं एवढं पुरे.

तुझ्या जुन्या हॉस्पिटलातलं माझं निवृत्तीनंतरचं काम चालू आहे. "आईची चौकशी समिती" म्हणून तू माझी टर उडवायचीस ते आठवतं. रोज सकाळी यादी घेऊन बसते. तीन दिवसांपूर्वी कॅज्युअल्टीतून घरी सोडलेल्या प्रत्येकाला फोन करायचा आणि विचारायचं, आता कसं आहे. बहुतेक जण म्हणतात, "बरं आहे." ते बरं खरंच बरं आहे की फोन ठेवायची घाई आहे, हे ओळखण्यात माझी तीस वर्षं कामाला येतात. मागच्या आठवड्यात एका आजोबांना विचारलं, दुखणं कसं आहे? म्हणाले, दुखणं मजेत आहे, माझं विचारा. मी एवढी हसले की शेजारच्या टेबलावरची क्लार्क उठून बघायला आली.

हे काम सुरू करताना मॅडमनी, म्हणजे तुझ्याच विभागप्रमुखांनी, सांगितलेलं मी विसरलेले नाही. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरला रुग्णाची अर्धीच गोष्ट दिसते. ज्याला बरं वाटलं तो परत येत नाही, आणि ज्याचं बिघडलं तोही परत येत नाही, कारण विश्वास उडालेला माणूस दुसऱ्या हॉस्पिटलात जातो. त्यामुळे प्रत्येक डॉक्टरला वाटतं, आपल्या हातून गेलेले सगळे बरे झाले. म्हणून ती पिवळी चिठ्ठी. वर छापलेलं असतं "पुढे काय झालं", आणि ज्या डॉक्टरने सोडलं त्याच्या हातात ती द्यायची. शिक्षा म्हणून नाही, कळावं म्हणून. तुम्ही तरुण डॉक्टर पिवळा कागद दिसला की तोंड चुकवायचात. पण मी पाहिलं आहे, ज्याला एक चिठ्ठी मिळाली त्याची तीच चूक पुन्हा झालेली मला आठवत नाही.

मी दर महिन्याला एका टेलरकाकांच्या घरी जाते, हे तुला माहीत नाही. बाबांनाही नाही, त्यांना वाटतं मी भिशीला जाते. काकांना मागच्या ऑगस्टपासून धड उभं राहता येत नाही. बसल्या जागी तोल जातो, हात थरथरतो, सुईत दोरा घालता येत नाही. मशीन आता काकू चालवतात आणि ते खुर्चीत बसून मापं सांगतात. त्यांची मापं अजून अचूक असतात. नुसतं बघून त्यांनी मला सांगितलं, तुमचा डावा खांदा उतरलाय. मी जाते, त्यांच्या हाताचे व्यायाम करून घेते, परत येते. त्यांना वाटतं हॉस्पिटल मला पाठवतं. मी त्यांना तसं वाटू दिलं आहे.

कोण हे टेलरकाका, असं तू विचारशील. लिहायला बसले होते तेच, पण वेळ झाली.

आई

१७ फेब्रुवारी

खारू,

तीन कागद फाडले. हा फाडणार नाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी तुझ्याकडे एक टेलर आले होते. निळ्या चौकटीचा शर्ट, गळ्यातली टेप काढायचीही राहिलेली. सकाळी उठल्यापासून चक्कर आणि उलट्या. तू कानाची चक्कर लिहिलंस, इंजेक्शन दिलंस, उलट्या थांबल्यावर घरी सोडलंस. आठवत असतील किंवा नसतील. त्या दिवशी तू चाळीस रुग्ण पाहिले होतेस.

तिसऱ्या दिवशी मी फोन केला. दुसऱ्याच रिंगला काकूंनी उचलला. त्या दुसऱ्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून बोलत होत्या. मेंदूच्या मागच्या भागातला झटका होता, घरी नेल्यावर काही तासांतच कळलं. जीव वाचला होता, बाकीचं काही सांगता येत नव्हतं. मी सगळं लिहून घेतलं. त्या चिडल्या नव्हत्या. म्हणाल्या, "डॉक्टरबाईंना एक सांगाल? ह्यांना उभंच राहता येत नव्हतं. चाकाच्या खुर्चीतून आणलं आणि आम्ही दोघांनी धरून गाडीत घातलं. त्या तेव्हा दुसऱ्या पेशंटकडे होत्या, त्यांनी बघितलं नाही. सांगा तेवढं. पुढच्याला उपयोग होईल."

मी म्हणाले, सांगते.

चिठ्ठी लिहिली. डॉक्टरांचं नाव लिहायच्या ओळीत तुझं नाव लिहिलं. ते नाव मी तुझ्या बालवाडीपासून किती फॉर्मांवर लिहिलं असेल, पण त्या दिवशी हात थांबला.

तुझे कॅज्युअल्टीतले पहिले महिने कसे गेले ते मी घरात बघितलं होतं. तुला घास जात नव्हता. कपडे अंगावर लोंबायला लागले होते. रोज म्हणायचीस, मला हे जमणार नाही. आणि त्याच आठवड्यात मॅडमनी सगळ्यांसमोर तुझं कौतुक केलं होतं, आणि त्या सकाळी तू अंघोळ करताना गुणगुणत होतीस. पाच महिन्यांनी माझं पोर गुणगुणत होतं, आणि मी हा कागद घेऊन जाऊ? मी म्हटलं, आज नको, उद्या. चिठ्ठीची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

उद्या झाला, परवा झाला. महिनाअखेरीला रजिस्टर बंद करायचं होतं. प्रत्येक नावासमोर चारातलं एक लिहावं लागतं: बरे आहेत, परत आले, दुसरीकडे दाखल, फोन लागला नाही. मी चौथं लिहिलं.

माझी समजूत मीच घालत होते. माणूस वाचला आहे ना. एक चिठ्ठी नाही पोचली म्हणून काय बिघडतं. पोरगी अजून शिकते आहे. काकांकडे जायला लागले तेही त्याच सारवासारवीत, तुझ्या वाटचं काहीतरी आपण फेडतो आहोत असं वाटायचं. फेडायचं माझ्याच वाटचं होतं हे कळत असूनही कळून घेत नव्हते.

सहा आठवड्यांनी गाण्याच्या बाई आल्या. तीच चक्कर, त्याच उलट्या, तीच चाकाची खुर्ची. चिठ्ठी तुझ्या हातात पडली असती तर तू त्यांना उठवून उभं केलं असतंस. मी तुला ओळखते. एकदा गरम तव्याला हात लागला की आयुष्यभर फडकं घेणारी मुलगी आहेस तू.

त्या संध्याकाळी मी तुला चार पावलं चालवण्याबद्दल सुनावलं. ते मला कुठून सुचलं होतं, कळलं का आता? ते काकूंनी मला फोनवर सांगितलं होतं, तुला सांगायला. आणि तू म्हणालीस, मला कोणी सांगितलं असतं तर. ते सांगणारं माणूस तुझ्यासमोर उभं होतं, खारू, आणि तुलाच ओरडत होतं.

तू सगळं स्वतःवर घेऊन गेलीस. त्यातलं अर्ध्याहून जास्त माझं आहे. हे वाचून तू मला तोडलंस तरी चालेल. चालणार नाही, पण चालवून घेईन. डॉक्टरकी मात्र माझ्या खोटेपणापायी सोडू नकोस.

चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. फाडायला घेतली होती एकदोनदा, फाटली नाही.

आई

३ मार्च

खारू,

तुला लिहून मी थांबले असते तर तीही एक पळवाटच झाली असती. म्हणून मागच्या सोमवारी मॅडमच्या खोलीत गेले आणि चिठ्ठी त्यांच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी ती दोनदा वाचली. तारीख बघितली. मग विचारलं, "सिस्टर, असं किती वेळा केलंत?"

मी म्हणाले, एकदाच.

त्या म्हणाल्या, "एकदाच पुरलं."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी रजिस्टर मागवलं आणि ऑगस्टची ओळ माझ्याकडूनच दुरुस्त करून घेतली. जुनं लिहिलेलं खोडून नाहीसं करायचं नाही, एक रेघ मारायची, म्हणजे खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे. वर खरं लिहायचं, सही आणि आजची तारीख. मग त्यांनी मला फोन करायच्या कामावरून काढलं. त्यांनी ते सांगितलं तेव्हा मी मान हलवली, पण बाहेर येऊन जिन्यात बसले. आता मी फायलींच्या कपाटापाशी असते. फोन करणाऱ्याच्या यादीत यापुढे डॉक्टरचं नाव नसेल, ते मागाहून मॅडम स्वतः लावतील. कोण कोणाची आई आहे हे त्या फोनला कळता कामा नये, असं त्या म्हणाल्या.

मग त्या मला घेऊन दोन घरी गेल्या.

टेलरकाकूंनी शेवटपर्यंत ऐकलं. मशीनवर कापड तसंच अडकलेलं होतं. मग म्हणाल्या, "म्हणून येत होता होय." मी व्यायामासाठी हात पुढे केला तर काकांनी आपला हात मांडीखाली घेतला. निघताना काकू म्हणाल्या की पुढच्या महिन्यापासून त्यांचा भाचा व्यायाम करून घेईल, तुम्ही नका येऊ.

गाण्याच्या बाईंचे यजमान एकटेच असतात. त्यांनी आधी आम्हाला पाणी दिलं. मॅडम बोलत होत्या तेव्हा ते माझ्याकडे बघत होते. सगळं संपल्यावर म्हणाले, "म्हणजे हिच्या आधी एक जण होता."

मी हो म्हणाले.

"आणि तुम्हाला माहीत होतं."

मी हो म्हणाले.

त्यांनी समोरचा पेला बाजूला सरकवला. मग म्हणाले, "त्या डॉक्टर आल्या होत्या माझ्याकडे. ही गेली त्याच आठवड्यात. दारातच उभ्या राहून माफी मागितली, आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. तुम्ही पाच महिने लावलेत."

तू गेली होतीस हे मला माहीत नव्हतं. तू कोणालाच सांगितलं नाहीस. आम्ही उठलो. त्यांनी आमच्यामागे दार हळूच लावलं.

बाबांना घरी येऊन सांगितलं. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून सगळं मोठ्याने बोलावं लागलं. असलं काही मोठ्याने बोलायला किती जड जातं ते त्या दिवशी कळलं. त्यांनी टीव्ही बंद केला आणि एकच विचारलं, "तू तिला ओरडत होतीस तेव्हा तुला हे ठाऊक होतं?" मी हो म्हटल्यावर ते उठून गेले. परवाच्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा ते गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं. आता तुझी अर्धी खुशालीही मला मिळत नाही. मी तक्रार करत नाही, तुला कळावं म्हणून सांगते.

मॅडम म्हणाल्या, डॉक्टर सोडून गेली असली तरी चिठ्ठी तिला पोचलीच पाहिजे. त्यांनी ती हॉस्पिटलच्या पाकिटात घालून तुझ्या पत्त्यावर पाठवली आहे. पत्ता मी लिहून दिला. सोबत माझं काही घातलेलं नाही. खालचा अर्धा भाग डॉक्टरने भरून परत पाठवायचा असतो. भरावासा वाटला तर भर.

आई

२९ मार्च

खारू,

हे पत्र छोटं आहे. यापुढे तू लिहिल्याशिवाय मी लिहिणार नाही. तुला श्वास घ्यायला जागा हवी आहे आणि मी दर पंधरा दिवसांनी पाकीट होऊन तुझ्या दाराशी येते, हे बरं नाही.

काल मॅडमनी बोलावून घेतलं. टेबलावर पिवळी चिठ्ठी होती. वरचं अक्षर माझं, खालचं तुझं. मी उभ्यानेच वाचली.

"वाचले का?" या प्रश्नासमोर तू लिहिलं आहेस, वाचले. "यापुढे काय बदलणार?" या प्रश्नासमोर लिहिलं आहेस, चक्कर घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाला घरी सोडण्याआधी मी स्वतः उभं करून चालवून बघेन. चालता आलं नाही तर सोडणार नाही.

बघेन, असं लिहिलंस. मी ते एवढ्या वेळा वाचलं की मॅडमनी मला खुर्ची पुढे केली. खाली सही, सहीखाली नोंदणी क्रमांक, आणि त्यासमोर मुदत, पुढची पाच वर्षं. मॅडमनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं की काच मळली होती, ते मी विचारलं नाही. माझं रडू मात्र मी लपवलं नाही.

शेवटची ओळ असते "फोन करणाऱ्यास सूचना". ती कोणी भरत नाही, वर्षभरात मी एकही भरलेली बघितली नाही. तू भरली आहेस. चिठ्ठी कोणाचीही असो, त्याच दिवशी द्यावी.

आई नाही, तू नाही. द्यावी. बरोबर आहे. मी याहून जास्त मागायला नको होतं आणि तरी पाकिटात आणखी काही आहे का, म्हणून मी ते उलटं करून झटकलं. मॅडमनी ते बघितलं. म्हणाल्या, हवी तर एक झेरॉक्स काढून घ्या, मी काही म्हणणार नाही. मी नको म्हणाले. त्यावर रुग्णाचं नाव आहे, असा कागद घरी नेता येत नाही. एकदा पर्समध्ये नेला होता तेवढा पुरे.

सूचना वाचली म्हणून खाली फोन करणाऱ्यालाही सही करावी लागते. त्यासाठी चौकोन आखलेला आहे, डॉक्टरच्या सहीला लागूनच. मी तुझ्या सहीशेजारी माझी सही केली, शाई वाळेपर्यंत थांबले, आणि कागद फायलीत लावून कपाट बंद केलं.

आई